न कळण्याची किंमत



गाडीच्या पाटीवर 'एमएच-०६' अशी अक्षरे दिसली की तिची नोंद आपल्या पेणच्या परिवहन कार्यालयात झाली आहे हे आपण ओळखतो. प्रवासी आणि मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की तिला दरवर्षी 'पासिंग'ला न्यावे लागते. घरच्या गाडीला पासिंगचा प्रश्न पंधरा वर्षांनी येतो. पीयूसीचा कागद मात्र नोंदणीनंतरचे पहिले वर्ष सरले की प्रत्येक वाहनाला लागतो. जुन्या गाड्यांना तो दर सहा महिन्यांनी आणि भारत स्टेज-४ किंवा त्यानंतरच्या गाड्यांना वर्षातून एकदा घ्यावा लागतो. आज आपण या लहानशा कागदावर थोडा विचार करणार आहोत. कोणा एका केंद्राची तक्रार मांडण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न आपल्या विवेकबुद्धीचा आहे: गाडीची तपासणी न करताच कागद मिळत असेल आणि आपण तो घेत असू, तर तो केवळ नियमभंग ठरतो, की त्याहून अधिक काही?

प्रथम ही तपासणी कशी होते ते पाहू. डिझेल गाडीचे इंजिन चांगले तापवतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात आणि सोडतात. असे काही वेळा करतात. सायलेन्सरच्या तोंडातून निघालेला धूर यंत्राच्या नळीत जातो. तेथे एका बाजूला दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डोळा. धुराने किती प्रकाश अडवला, एवढेच ते यंत्र सांगते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ आहे, म्हणजे यंत्राच्या ठरावीक लांबीत शंभरातला पासष्ट भाग प्रकाश अडला तरी गाडी पास होते. स्टेज-४ च्या गाड्यांना ही मर्यादा ५० आहे. मर्यादा काही फार कडक नाही. तरीही ती टाळण्याच्या वाटा आपण शोधतो.

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. धुराची नळी गाडीच्या मागे असते. चालक पुढे बघतो, त्याच्या काचेसमोर स्वच्छ हवा असते. आपला धूर आपल्याला दिसत नाही आणि बहुधा आपल्या नाकातही जात नाही. तो जातो मागच्या मोटारसायकलवाल्याच्या नाकात. वडखळ नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या ठाकर आणि कातकरी भगिनींच्या, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलांच्या छातीत तो जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ च्या जून महिन्यात डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. म्हणजे आपण करतो ती इजा खरी आहे, फक्त आपल्या पाठीमागे घडते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकबुद्धीचा अर्थ असा सांगितला आहे की, आपल्याजवळचे ज्ञान आपल्या एखाद्या विशिष्ट कृतीला लावून पाहणे म्हणजे विवेक. ज्ञानच नसेल तर विवेक काय लावणार? म्हणून 'मला माहीत नव्हते' हे उत्तर पुष्कळदा खरोखर दोष कमी करते. पण ते आणखी एक भेद करतात. काही अज्ञान आपल्यावर येते आणि काही आपण मुद्दाम पत्करतो. कळले तर वागणूक बदलावी लागेल, म्हणून कळूच नये अशी तजवीज माणूस करतो. असे अज्ञान दोष कमी करत नाही. उलट तो वाढवू शकते.

पीयूसीचा प्रश्न येथे उलगडतो असे आम्हाला वाटते. पाठीमागचा धूर आपल्याला दिसत नाही, म्हणून समाजाने एक यंत्र ठेवले. ते आपल्या विवेकबुद्धीच्या मदतीला आहे. नळी आत न घालता कागद घेतला, तेव्हा आपण कशासाठी पैसे मोजले? न कळण्यासाठी. त्या कागदावर जो आकडा छापला जातो, तो एक साक्ष असतो: 'या गाडीपासून शेजाऱ्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक त्रास नाही.' आठवी आज्ञा आपल्याला खोट्या साक्षीपासून दूर राहायला सांगते. साक्ष तोंडी असो वा छापील, ज्याच्या विरुद्ध ती दिली जाते तो शेजारी तोच असतो.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. पासिंगच्या आधी जुन्या गाडीच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करायचे, धूर घटला की कागद घ्यायचा आणि परतल्यावर स्क्रू पुन्हा फिरवायचा, कारण पिकअप कमी होतो. येथे तपासणी होते, आकडाही खरा असतो, तरी साक्ष खोटीच. सप्टेंबर २०१५ मध्ये जगापुढे आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण आठवते ना? गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे की रस्त्यावर, हे ओळखणारे सॉफ्टवेअर त्यांनी बसवले होते. तपासणीत गाडी सभ्य वागे आणि रस्त्यावर विषारी नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट सोडी. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातही ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा कंपनीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात केली. ते वाचून आपण सर्व चकित झालो. पण तिकडे सॉफ्टवेअरने झाले तेच आपल्याकडे पान्याने होते. परीक्षेपुरते चांगले वागणे म्हणजे चांगले असणे नव्हे, हे आपल्याला उपासनेच्या आणि उपवासाच्या बाबतीत नीट कळते. गाडीच्या बाबतीतही ते कळायला हवे.

'माझ्या एका गाडीने असा काय फरक पडतो?' हा नेहमीचा सवाल. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण बचतीच्या वेळी मुलांना ऐकवतो. तळे धुराचेही साचते. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा रस्त्यावर वाहनांची रांग लागते, तेव्हा त्या रांगेतला प्रत्येक जण स्वतःला एकटाच समजत असतो.

आता एक अवघड बाजू. आपल्या भागात विक्रम-मिनिडोर चालवून ज्यांनी संसार उभे केले, त्यांना काय सांगावे? नोझल आणि पंपाचे काम निघाले की हजारो रुपये जातात. त्या महिन्याचा हप्ता थकतो. दोन गाड्या बाळगणारा सुखवस्तू माणूस आणि हा चालक यांचा दोष आपण एका मापाने मोजू शकत नाही. गरजेपोटी माणसाचा दोष कमी होतो. पण मागच्या मुलाच्या छातीत जाणारा धूर मात्र तेवढाच राहतो. मग उरलेला भार कोणी उचलायचा? ज्यांनी त्या गाडीतून स्वस्तात प्रवास केला, त्यांनीही. भाड्यात दोन रुपये वाढले की भांडणारे आपण, ट्रकमध्ये क्षमतेपेक्षा अधिक माल भरायला लावणारे आपण, आणि सप्टेंबरात मोत माउलीच्या यात्रेला जाताना सर्वांत स्वस्त बस कोणती एवढेच विचारणारेही आपणच. त्या धुरात आपला वाटा आहे. एखाद्या चालकाला दुरुस्तीसाठी बिनव्याजी हातउसने दिले, तर तेही शेजारधर्मातच बसते.

कोणी म्हणेल, हे सारे कायद्याने पाहावे. कायदा आहेच. विनापीयूसी गाडीला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली. पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले होते. अनेक गाड्या विम्याविनाच धावू लागल्याने २०२४ मध्ये ती अट काढून घेतली. कायद्याचा दाब असा कमीजास्त होतो. शिवाय हे यंत्र केवळ प्रकाश अडवणारी काजळी पाहते. नायट्रोजन ऑक्साइड त्याला मोजता येत नाहीत. तेव्हा पास झालेली गाडीही निर्दोष असतेच असे नाही. कायदा उंबरठा दाखवतो, त्याच्या आतले घर आपल्यालाच सांभाळायचे असते.

म्हणून एक छोटी विनंती. पुढच्या वेळी गाडी तापवून न्या. नळी आत जाईपर्यंत स्वतः उभे राहा. आकडा किती आला ते विचारा आणि घरच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढल्या तपासणीत तो वाढलेला दिसला तर मर्यादेत असला तरी आधी एअर फिल्टर आणि मग नोझल दाखवून घ्या. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, आपल्याच पैशाचे. कागद मिळाला की आपण तो घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. त्याआधी एकदा त्यावरचा आकडा वाचावा आणि ही साक्ष आपण कोणाबद्दल देत आहोत, हे मनाशी विचारावे.