रहस्यकथेला वेगळी पंगत

फेब्रुवारी संपता संपता मराठी पुस्तकांच्या धंद्याला जाग येते. २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन, मग पाडवा, मग २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाच्या सवलती. पण या सगळ्यांहून मोठा सण म्हणजे ३१ मार्च. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात अनुदानित ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. आज त्यांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. अनुदानातला पुस्तकांचा वाटा आर्थिक वर्ष सरायच्या आत खर्ची टाकायचा असतो आणि प्रकाशकही तोच मुहूर्त साधतात. इंग्रजीतले प्रकाशक वसंतासाठी निराळी यादी काढतात, आमची चैत्रपालवी लेखापरीक्षणाच्या धाकानं फुटते. त्यात वाईट काही नाही, कारण त्या खरेदीवर कित्येक प्रकाशक तगून आहेत. पण हिशेबाच्या वहीतून आलेली यादी वाचकाला एवढंच सांगते की पुस्तक निघालं. या चैत्रात नवी कादंबरी घ्यायची तर कोणती, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.

खरं तर मराठी कथेचा हंगाम वसंत नाहीच, तो दिवाळीचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमची कथा दर शरदात पिकते आणि वसंतात पुस्तकरूपानं बाजारात येते. दिवाळी अंकातली दीर्घकथा फाल्गुन-चैत्रात कादंबरी होऊन भेटते, आणि पुष्कळदा मधल्या चार-पाच महिन्यांत तिच्या अंगावर नको तितकं मांस चढलेलं असतं. चाळीस पानांत घट्ट बसलेली गोष्ट दोनशे पानांत सैल पडते. जुना अंक घरात असेल तर आधी तो काढून पाहावा, असा माझा आगाऊ सल्ला आहे. प्रकाशकांनी रागावू नये.

दिवाळी अंकांच्या त्याच बाजारात दोन पंगती बसल्या. एका पंगतीला ‘साहित्य’, दुसऱ्या पंगतीला रहस्यकथा, भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ मासिकाच्या जोडीला ‘नवल’ काढला, तेव्हा त्यामागे अद्भुताच्या वाचकाला चांगलं लेखन मिळावं ही दृष्टी होती. पुढच्यांनी त्याचा अर्थ सोयीनं लावला: ते तिकडं, आपण इकडं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी दोन-तीन पिढ्यांनी वाचनालयाचे उंबरठे झिजवले. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांची बोळवण बहुधा एखाद-दुसऱ्या परिच्छेदात होते. तालुक्याच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात जाऊन पुस्तकाचं शेवटचं पान उघडावं. रहस्यकथेच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के बसलेले असतात, एक चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली असते. शेजारच्या फळीवरच्या पुरस्कारप्राप्त कादंबरीची चिठ्ठी बऱ्याचदा कोरी करकरीत.

शिक्क्यांनी दर्जा ठरत नाही, हे मान्य. पंगत वेगळी मांडणारे सगळेच काही सोवळे नव्हते. या प्रकारांतलं बरंचसं लेखन उसनवारीवर चाललं होतं, घाईत लिहिलं जात होतं, आणि इंग्रजी साच्यातून काढलेला गुप्तहेर गिरगावात फिरताना कधी कधी अगदीच उपरा वाटायचा. नारायण धारपांसारख्या कसलेल्या लेखकाची ‘आजी’ ही गाजलेली कथासुद्धा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली. समीक्षकानं हे सांगायलाच हवं होतं. पण तेवढं सांगून तो उठला, हा माझा आक्षेप आहे. उसनं घेतलेलं बीज मराठी मातीत कसं रुजलं, धारप भीती नेमकी कुठून उगवू देतात, वाक्य कुठं तोडतात, हे कुणी तपासायचं? ते काम शेवटी सिनेमानं केलं. राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’नं नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आणि आजीची दहशत घेतली धारपांकडून. जे दोन लेखक मराठी साहित्यात कधी एका पंगतीला बसले नसते, ते पडद्यावर शेजारी बसले, आणि कुणाला काही विटाळ झाला नाही.

विज्ञानकथेच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातली एक गोष्ट निसटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. बक्षीस जगतापांना मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. म्हणजे जाणकार नजर होती, दारही उघडलं होतं. तरीही साहित्य अकादमीनं नारळीकरांना २०१४ साली पुरस्कार दिला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. पुस्तक चांगलंच आहे. पण ‘यक्षांची देणगी’ आणि ‘वामन परत न आला’ लिहिणाऱ्याचा गौरव करताना अकादमीचा हात त्याच्या कथेपर्यंत पोचला नाही, हे खटकतं ते खटकतंच.

माझं म्हणणं रहस्यकथेवर दया करा असं नाही. तिला वाचक होते, आजही आहेत. हातातलं पुस्तक सुटलं तशी ती कानाला लावायच्या श्राव्य कथांत जाऊन बसली आणि तिथंही सुखानं नांदतेय. या वेगळ्या पंगतीचा तोटा झाला तो गंभीर कादंबरीला. पुढं काय होणार याची उत्सुकता लावणं म्हणजे काहीतरी हलकं, असा समज रुजला आणि शंभर पानं झाली तरी कुणी जागचं हलत नाही अशा कादंबऱ्यांना ‘चिंतनशील’ म्हणायची सोय झाली.

ज्यांनी ही शिवाशिव पाळली नाही, त्यांच्याकडे पाहावं. नंदा खरे हे पेशानं अभियंते. ‘अंताजीची बखर’मध्ये त्यांनी ऐतिहासिक कादंबरीच उलटी धरली. बंगालपर्यंत धडकलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, प्लासीची लढाई, आणि हे सगळं सांगणारा कोण, तर अंताजी. सेनापती नाही, वीर नाही. धूर्त, थोडा भित्रा, जीव सांभाळून असणारा बातमीदार. बखरीचा बाज तोच, पण बखर ज्यांची कधी दखल घेत नाही असा माणूस तिच्यात बोलतो. हेरकथेची गंमत आणि इतिहासाची उलटतपासणी एकाच वेळी चालते. आणि याच लेखकानं ‘उद्या’मध्ये पाळतीच्या आणि कंपन्यांच्या मुठीतलं नजीकचं भविष्य लिहिलं. २०२०चा अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. विज्ञानकादंबरी म्हणून तिची ओळख करून देताना अनेकांची जीभ अडखळली, हेही सांगायला हवं.

हृषीकेश गुप्ते हे दुसरं उदाहरण. ‘अंधारवारी’च्या भयकथांपासून निघालेला हा लेखक ‘दंशकाल’पर्यंत येतो, तेव्हा भीतीचं कसब मागं टाकून येत नाही. गावातलं घर, त्यातली माणसं, कुटुंबाच्या पोटातलं न बोललेलं पाप, हे सगळं तो भयकथाकाराच्या सावधपणानं उलगडतो: काय आधी दाखवायचं, काय दाराआड ठेवायचं. कोऱ्या ‘वास्तववादी’ लेखकाला हे साधलं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हा या वसंतात नवी कादंबरी हाती घेताना मी मुखपृष्ठावरचा प्रकार बघणार नाही. रहस्यकथा असेल तर खुनी सापडल्यावर पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे जाईन आणि धागे आधी पेरले होते की शेवटी खिशातून काढले ते तपासेन. ऐतिहासिक असेल तर बघेन की लेखकाला एखादा सामान्य माणूस दिसला की नुसत्या तलवारीच दिसल्या. विज्ञानकथेत यंत्र काढून घेतलं तर गोष्ट उरते का, आणि उरत असेल तर यंत्र घातलं कशाला, हे विचारेन. ग्रामीण कादंबरीला दुष्काळाच्या पलीकडे काही सांगायचंय का, हेही. असे साधे, कारागिरीचे प्रश्न विचारणारं परीक्षण आमच्या पुरवण्यांत क्वचितच छापून येतं. पाचशे शब्दांत कथानक, दोन ओळी मुखपृष्ठकाराच्या कौतुकाच्या, किंमत आणि पृष्ठसंख्या. शेवट फोडू नये एवढं पथ्यही कित्येकदा पाळलेलं नसतं.