ह. याकूब (अ.) यांचे अश्रू आणि आमची मुले



दिव्य कुरआनाच्या सूरह यूसुफमध्ये अल्लाहने एका पित्याचे दुःख वर्णिले आहे. ह. याकूब (अ.) हे अल्लाहचे प्रेषित. पुत्र यूसुफ (अ.) यांच्या विरहाने ते इतके व्यथित झाले की शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरचे लोक म्हणू लागले, यूसुफची आठवण काढत राहिलात तर तुम्ही खंगून जाल, जिवानिशी जाल. उत्तम संयमाचा आदर्श म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, त्या प्रेषितांची ही अवस्था होती. कुरआनने ती लपविली नाही आणि तिला श्रद्धेचा दुबळेपणाही म्हटले नाही.

आता आपल्या घराकडे पाहा. मुलगा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेला आहे. घरातला पहिलाच पदवीधर होणार, म्हणून सर्वांच्या आशा त्याच्यावर खिळल्या आहेत. परीक्षेतले अपयश, कर्जाने भरलेली फी, खोली शोधताना केवळ नावावरून मिळालेला नकार, हे सारे तो एकटाच सोसतो. सुटीत घरी येतो तेव्हा त्याची झोप उडालेली असते, जेवणावर वासना नसते, तो कोणाशी बोलत नाही. एके दिवशी धीर करून म्हणतो, "अब्बा, माझे मन कशातच लागत नाही." त्याला उत्तर मिळते, "नमाज पढत नाहीस, दिवसभर मोबाइल पाहतोस, मग मन कसे लागणार?" तो पुन्हा बोलत नाही.

मुलीची अवस्था याहून बिकट असते. घराबाहेर शिकण्याची परवानगी तिने मोठ्या प्रयत्नाने मिळवलेली असते. मन खचल्याचे सांगितले तर शिक्षण बंद होईल, घाईने लग्न ठरेल किंवा ठरलेले स्थळ मोडेल, या भीतीने ती गप्प राहते. अम्मीशी फोनवर बोलताना हसते आणि फोन ठेवून रडते.

नमाज ही श्रद्धावंताच्या हृदयाची शांती आहे, यात शंका नाही. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाला आपण नमाजची आठवणही देतो आणि दवाखान्यातही नेतो. मग मनाच्या आजारातच दवाखान्याची वाट आपल्याला अश्रद्धा का वाटावी? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार घेण्याची आज्ञा दिली आहे आणि अल्लाहने आजाराबरोबर त्याचा उपायही निर्माण केला आहे, असे सांगितले आहे. शोकाकुल घरासाठी आदरणीय आयेशा (रजि.) जवाच्या पिठाची तलबीना करावयास सांगत, तिने दुःखी मनाला आराम मिळतो, हे त्यांनी प्रेषितांकडूनच ऐकले होते. स्वतः प्रेषित (स.) चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. ज्या गोष्टीपासून आश्रय मागितला जातो ती खरी असते. तिला ढोंग म्हणता येत नाही.

काही जण म्हणतील, ह. याकूब (अ.) यांनी आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे केवळ अल्लाहपाशीच मांडले, मग आम्ही परक्यापुढे मन का उघडे करावे? त्यांनी पुढचीच आयत वाचावी. अल्लाहपाशी गाऱ्हाणे मांडणारे हेच पिता लगेच मुलांना सांगतात की जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. प्रार्थना आणि शोध या दोन गोष्टी तेथे लागोपाठ आल्या आहेत. ह. मूसा (अ.) यांनीही आपली छाती दाटून येते, जीभ चालत नाही, असे अल्लाहला सांगितले आणि सोबतीला भाऊ हारून (अ.) मागितला. माणसाचा आधार मागणे ईश्वरावरील भरवशाच्या विरुद्ध असते, तर अल्लाहने ती मागणी मान्य केली नसती.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात भय, क्रोध, दुःख आणि मनात घोळत राहणारे वसवसे यांची स्वतंत्र चर्चा केली. १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावूनने उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता.

मग आज शोध कोठे घ्यावा? पहिली जागा महाविद्यालयच. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. आपल्या पाल्याच्या महाविद्यालयात ही व्यवस्था आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. दुसरी सोय घरबसल्या आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. तिसरी सोय म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये यांतील मनोविकार विभाग. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालयेही आहेत.

समुपदेशक ऐकतो आणि संवादातून मार्ग शोधण्यास मदत करतो. तो औषध देत नाही. औषधाची गरज असेल तर ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच स्वतःहून बंद करू नयेत. रमजानमध्ये रोजे आणि औषधे यांचा मेळ कसा घालावा, हे डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांना विचारावे. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. उपचाराची गोष्ट बाहेर फुटेल, ही भीतीही सोडा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

कुरआन पठण करून आजाऱ्यासाठी दुआ अवश्य करावी. परंतु आजारी मुलाला जिन्नाची बाधा ठरवून पैसे उकळणाऱ्या, मारहाण करणाऱ्या, औषध सोडायला लावणाऱ्या बुवा-आमिलांच्या दारात त्याला उभे करू नका. तेथे पैसा जातो आणि उपचाराची मोलाची वेळही जाते.

मुलाची उदासी दोन आठवडे उलटूनही हटली नाही, तो अभ्यास, मित्र, अन्न यांपासून दूर जाऊ लागला, तर वाट पाहू नका. जगणे नकोसे झाल्याचे त्याच्या बोलण्यातून जाणवले, तर स्पष्ट विचारा, "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नका, इजा होऊ शकेल अशा वस्तू घरातून दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्या क्षणी हरामचा उपदेश सुरू करू नका. अल्लाहने स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली, त्याच आयतीत तो तुमच्यावर दयाळू असल्याचे सांगितले. मनाई ऐकवणाऱ्याने ती दयाही ऐकवावी आणि दाखवावी.

आणि ज्या घराने असे मूल गमावले आहे, त्या घरावर शब्दांचे घाव घालू नका. सहीह मुस्लिममध्ये एका सहाबींची हकीकत आहे. हिजरत करून मदीनेला आलेल्या त्या माणसाला आजाराच्या यातना असह्य झाल्या आणि त्याने स्वतःला केलेल्या जखमेने त्याचा अंत झाला. पुढे त्याचा सोबती तुफैल (रजि.) यांना तो स्वप्नात दिसला. हिजरतीमुळे त्याला क्षमा मिळाली होती, पण जखमी हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषितांनी (स.) अल्लाहपाशी त्या हातांसाठीही क्षमा मागितली. कृत्य निषिद्धच राहिले, पण प्रेषितांच्या मुखातून त्याच्यासाठी दुआ निघाली. आमच्या मुखातून काय निघते?

मशिदींच्या जबाबदार मंडळींनी १४४१६ हा क्रमांक फलकावर लावावा. इमाम साहेबांनी एखाद्या जुम्याला या विषयावर बोलावे. आणि आज रात्री जेवण झाल्यावर आपण आपल्या मुलाजवळ बसावे. गुणांविषयी विचारू नये. "बेटा, कसा आहेस?" एवढेच विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे.

हे अल्लाह! आमच्या मुलांच्या हृदयांना शांती दे, त्यांचे दुःख ऐकण्याची शक्ती आम्हाला दे आणि जसे तू याकूबला यूसुफ परत दिलेस, तशी आमची हरवत चाललेली मुले आम्हाला परत दे. आमीन.