जुनीं देवळें कोणाचीं?

यवतमाळ जिल्ह्यांत जुन्या देवळांची उणीव नाहीं. यवतमाळलगतच्या लोहाऱ्याचें कमलेश्वराचें मंदिर, किंवा पायऱ्या उतरून ज्याचें दर्शन घ्यावें लागतें तो कळंबचा चिंतामणि, हीं त्यांतील परिचित नांवें. मध्यप्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी हेन्री कझिन्स यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केली. अशा याद्यांत शिळांची नोंद होते. त्या शिळांपुढें पिढ्यान्‌पिढ्या सडा घालणाऱ्या हातांची होत नाहीं. आतां प्रवासी यावेत आणि त्यांच्या येण्यानें गांवाला चार पैसे मिळावेत, असा विचार पुढें येत आहे. विचार चांगला आहे. परंतु त्याच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. या वारशावर सत्ता कोणाची?

पंडित म्हणतात, तज्ज्ञांची. त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. गांवकरी भक्तिभावानें मूर्तीला तैलरंग फांसतात, गाभाऱ्यांत चकचकीत फरशी बसवितात, आणि एखादा कोरीव लेख कायमचा बुजतो. पण रक्षणाची किंमत कोण देतो, हेंही पाहिलें पाहिजे. केंद्रसंरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम २०१० च्या दुरुस्तीनें वर्ज्य ठरलें. पाहण्याचा आनंद परगांवच्या पाहुण्याचा, आणि खोली वाढवितां न येण्याची अडचण शेजारच्या शेतकऱ्याची! ज्याच्यावर भार, त्याला लाभांत पहिला वांटा, हा साधा न्याय आहे.

तरीही केवळ पैशाच्या वांट्यानें हा प्रश्न सुटत नाहीं. मेक्सिकोंतील माया लोकांचें उदाहरण पाहावें. चिचेन इत्झा येथील मुख्य अवशेषांखालची जमीन २०१० पर्यंत खासगी मालकीची होती. त्या सालीं ती युकातान राज्यानें विकत घेतली. ज्यांच्या पूर्वजांनीं तीं मंदिरें उभारलीं, ते माया लोक तेथें कलाकुसरीच्या वस्तू विकतात, आणि त्यांनीं आवारांत बसावें कीं नाहीं यावरून वारंवार वाद झाले आहेत. पूर्वजांच्या अंगणांत विक्रेता होऊन बसण्याची परवानगी मिळणें, याला हक्क म्हणतां येईल काय?

माझ्या मतें खऱ्या सत्तेची कसोटी एकच : नाहीं म्हणण्याचा अधिकार. आमच्या जिल्ह्यांतील कोलामांच्या पोडावर पाहुण्यांना नेण्याची कल्पना कोणी काढली, तर कोणता सण दाखवावा आणि कोणता आपल्यापुरताच ठेवावा, हें पोडानेंच ठरविलें पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांत आपल्या रूढी व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे, हें १९९६ च्या पेसा कायद्यानेंही मान्य केलें आहे. आणि घाटंजी, केळापूर, मारेगांव, राळेगांव या तालुक्यांतील बरींच गांवें त्या क्षेत्रांत मोडतात. ज्याला दार लावून घेतां येत नाहीं, तो यजमान नव्हे; तो प्रदर्शनांतली वस्तु होय.

मात्र दार लावण्याचा अधिकार घर मोडण्याचा अधिकार नव्हे. जें आपण घडविलें नाहीं आणि जें पुढच्यांना द्यावयाचें आहे, त्याचे आपण मालक नसून विश्वस्त असतों. म्हणून तज्ज्ञानें गांवाला विचारल्याशिवाय कुलूप लावूं नये, आणि गांवानें तज्ज्ञाला विचारल्याशिवाय रंगाचा कुंचला हातीं घेऊं नये. एवढा परस्परांचा धाक राहिला, तर देवळें टिकतील आणि देवळांभोंवतालचीं माणसेंही टिकतील.