शोधण्याची मजुरी

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला उसाच्या हंगामात एखादी ट्रॉली हमखास एका अंगाला झुकून उभी असते. खाली जॅक, शेजारी मोडलेला एक्सल. विचारलं तर उत्तर ठरलेलं: लोड जास्त होता. नवा एक्सल पडतो आणि गाडी कारखान्याच्या वाटेला लागते. पुढच्या हंगामात तीच ट्रॉली, तेच चाक.

गेल्या दिवाळीत याच रस्त्यावरच्या एका गॅरेजात माझ्या मित्राची छोटी कार उभी होती. तो नोकरीला पुण्यात आहे आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी पळवायला जातो. शर्यत नसते. पैसे भरायचे आणि २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर स्वतःची गाडी स्वतःच्या हिमतीवर चालवायची. या हौसेपायी त्याने गाडी खाली बसवली होती, स्प्रिंग कडक केल्या होत्या, चिकट टायर घातले होते. आणि डाव्या चाकाचा ड्राइव्ह शाफ्ट वर्षभरात तिसऱ्यांदा गेला होता.

पहिल्या वेळी बाहेरच्या जॉइंटचा बूट फाटला, ग्रीस उडालं, जॉइंट खडखडला. जॉइंट बदलला. दुसऱ्या वेळी शाफ्टच गेला, म्हणून जाड आणि महागडा शाफ्ट बसवला. तो टिकला, पण चाकाचं बेअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट संपला. नंतर पुन्हा आतला जॉइंट. प्रत्येक वेळी मोडलेला भाग बदलला गेला आणि प्रत्येक बिल प्रामाणिक होतं. पार्ट आणला, बसवला, त्याची मजुरी लावली. मात्र शाफ्ट का मोडला हे शोधण्याची ओळ एकाही बिलात नव्हती.

एकदा मोडलं तर अपघात म्हणता येतं. त्याच बाजूला दुसऱ्यांदा मोडलं की ती साक्ष झाली, आणि साक्ष ऐकायला वेळ लागतो. जाड शाफ्टने तर ती साक्ष दाबलीच. जोर कुठून येतो हे न पाहता एक कडी मजबूत केली, तेव्हा तो जोर शेजारच्या कडीवर गेला.

मिरजगावच्या मिस्त्रींनी नवं काही मागवलं नाही. जुना आतला जॉइंट त्यांनी रॉकेलने धुतला आणि बॅटरीच्या उजेडात न्याहाळला. कपाच्या तळाशी टिकलीएवढी चकचकीत खूण होती. या जॉइंटला आत-बाहेर सरकायला थोडी जागा ठेवलेली असते, कारण चाक वर-खाली होताना शाफ्टला लागणारी लांबी बदलते. इथे शाफ्ट तळाला जाऊन आदळत होता. मग त्यांनी दोन्ही बाजूंचा लोअर आर्म मोजला. गाडी इतकी खाली बसली होती की उभ्या गाडीतच आर्म आडव्या रेषेच्या पुढे, बाहेरच्या टोकाला वर गेला होता. अशा आर्मचं चाक आणखी वर दाबलं की ते आतही ओढलं जातं. उजव्या वळणात गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त. शेवटी त्यांनी पहार लावून इंजिन हलवलं. खालच्या फाउंडेशनचं रबर फाटलेलं होतं. जोरात अॅक्सिलेटर दिला की इंजिन डुलायचं आणि उरलीसुरली जागाही खायचं. तीन लहान चुका मिळून एकाच ठिकाणी भरत होत्या. शाफ्ट बिचारा सगळ्यांचा मार खात होता.

या शोधाला दोन दिवस लागले.

आस मोडणं आणि त्याचं कारण चुकणं, दोन्ही जुनं आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला. आगीत पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हा अनेक जाणकार म्हणत की वापराने लोखंड आतून बदलतं, दाणेदार होतं. पुढच्याच वर्षी विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने तुटलेल्या आसांची तोंडं पाहून दाखवलं की भेग जाडी बदलते त्या खाचेपासून सुरू होते आणि हळूहळू आत शिरते. खाच गोलसर करा, एवढं त्याचं सांगणं होतं. नंतर ऑगस्ट व्योलरने प्रशियाच्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून पाहिले. त्या तपासाचा पगार कुणीतरी देत होतं. आपल्याच जिल्ह्यात, नगरला, व्हीआरडीईसारखी संरक्षण खात्याची संस्था वाहनं मुद्दाम खडतर वाटांवर चालवून तपासते. तिथे शोधणं हेच काम आहे.

रस्त्याकडेच्या गॅरेजात हे काम फुकट धरलं जातं. डॉक्टरने नाडी बघून औषध नको म्हटलं तरी आपण तपासणी फी ठेवून येतो. मिस्त्रीने मात्र काही बदललं नाही तर त्याला काय द्यायचं, असं आपल्याला मनापासून वाटतं. म्हणून तो बदलतो. पार्टात त्याची रोजी आहे, विचारात नाही. मग उसाच्या ट्रॉलीचा एक्सल दर हंगामाला मोडतो यात नवल काय?

मित्राने गाडी पुन्हा थोडी वर घेतली, फाउंडेशन बदललं, शॉकअपच्या दांड्याला प्लॅस्टिकची टाय बांधली, म्हणजे चाक किती वर गेलं ते फेरीनंतर कळावं. हिशेबाच्या वेळी मिस्त्रींनी फाउंडेशन, ग्रीस आणि बसवण्याची मजुरी एवढंच लावलं. दोन दिवसांचं काय, असं त्याने विचारलं.

"त्याचं काय घ्यायचं, दादा? नुसतं बघितलं तर."

मित्राने आग्रह केला, तरी नोटा परत आल्या. मला त्यांचा मोठेपणा कळतो, पण त्यांचं म्हणणं पटत नाही. त्या दोन दिवसांत गाडीखाली बॅटरी धरून एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा झोपला होता. चकचकीत खूण पहिल्यांदा त्यालाच दिसली होती, आणि आता तो हात पुसत शेजारी उभा राहून हा हिशेब ऐकत होता.