बिनी आणि मागील सैन्य

‘अवाँ-गार्द’ हा फ्रेंच शब्द मराठी समीक्षेंत आतां इतका रुळला आहे कीं, तो मूळचा छावणींतला आहे याची आठवण लिहिणारासही राहत नाहीं. सैन्याच्या पुढें चालणारी तुकडी, एवढाच त्याचा अर्थ. 1825 सालीं पॅरिसमध्यें सेंट-सिमॉन याच्या मंडळानें तो कलावंतांस लाविला, आणि तोही समाजाला पुढें नेण्याचें काम त्यांनीं पत्करावें या अपेक्षेनें. मराठीस हा शब्द उसना आणण्याचें वास्तविक कारण नव्हतें. पेशवाईंत फौजेच्या अग्रभागास बिनी म्हणत. विसाजी कृष्ण यांचें बिनीवाले हें उपनांव तेथूनच आलें, आणि ‘बिनीचा शिलेदार’ आपण अजूनही म्हणतों.

बिनीचें काम काय? वाट, पाणी, वैरण आणि शत्रूचा ठाव पाहणें, व तें मागें कळविणें. हें मागें कळविणेंच लोक विसरतात. मागें सैन्यच नसेल, तर पुढें गेलेला स्वार बिनीवाला नव्हे. तो वाट चुकलेला प्रवासी होय. अलीकडे मात्र हा शब्द स्वतःच्याच छातीवर लावावयाचें पदक झाला आहे. चित्र कोणास कळलें नाहीं, म्हणून चित्रकार काळाच्या पुढें, असा हिशेब मांडला जातो. या न्यायानें अक्षर न लागणारी प्रत्येक चिठ्ठी काव्य ठरावयाची!

उलट बाजूचा दोष आपल्या सुशिक्षित घरांचा आहे, आणि तो अधिक महाग पडतो. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘कांहीं कविता’ हा संग्रह 1947 सालीं निघाला. पिंपांत मरून पडलेले उंदीर हा कवितेचा विषय होऊं शकतो, हेंच पुष्कळांस सहन झालें नाहीं. पुढें त्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. कवि स्वतः नभोवाणीच्या नोकरींत. तेव्हां आरोपाचा अर्थ त्यांस केवळ वाङ्मयीन नव्हता. ते निर्दोष सुटले. 1956 सालीं वारले, आणि त्याच वर्षींचें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथास मरणोत्तर मिळालें. पण जो वाचक निवाडा करण्यापूर्वीं त्या कवितांपाशीं क्षणभर थांबला असेल, त्यास एक गोष्ट दिसली असेल. शहरी यंत्रयुगाची ती सारी खडबडीत सामग्री कवीनें वारंवार ओवी-अभंगांच्या मापांत बसविली आहे, म्हणजे घरांतील आजीच्या ओठीं असलेल्या छंदांत. हेंच तें मागें कळविणें. स्वार दूर गेला होता, पण निरोप आपल्याच बोलींत पाठवीत होता. तो घ्यावयास आपण उंबऱ्यापर्यंतही गेलों नाहीं.

त्याच 1909 सालीं, ज्या सालीं मर्ढेकर जन्मले, आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत ना. घ. देशपांडे जन्मले. आमचें जानेफळ ज्या तालुक्यांत मोडतें त्या मेहकरास त्यांनीं वकिली केली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं ध्वनिमुद्रिकेवर गाइली, आणि मराठी भावगीताच्या आरंभींच्या गीतांत तिची गणना होते. ‘शीळ’ याच नांवाचा संग्रह 1954 सालीं निघाला. तोंपर्यंत गाणें कधींच घरोघर पोहोंचलें होतें. कविता कंठांतून घरांत शिरण्याची ही एक नवी वाटच नव्हती काय? मात्र देशपांडे यांस कोणी अवाँ-गार्द म्हणत नाहीं. त्यांच्या वाटेवरून सैन्य इतक्या सुखानें गेलें कीं, तेथें पूर्वीं वाट नव्हती हेंच विसरलें. आमच्या मतें त्या शब्दावर त्यांचा हक्क कित्येक घोषणा करणारांहून अधिक आहे.

येथवर आमचें प्रमाण नीट चाललें. पण 1972 सालीं नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला, आणि त्यापाशीं तें अडतें. येथें आजीच्या ओवीचा आधार नाहीं. शब्दांपासूनच अडखळण्यास आरंभ होतो. मग हाही वाट चुकलेला स्वार म्हणावा काय? तसें म्हणतां येत नाहीं, कारण त्याच्या मागून दलित कवींची पिढी आली. तेव्हां प्रश्न कवीचा नसून सैन्याचा आहे. मुख्य सैन्य म्हणजे आपण, पदवी घेतलेलीं आणि मासिकें वाचणारीं घरें, हें आपण न विचारतांच गृहीत धरिलें होतें. ढसाळ आपल्या पुढें गेलेच नव्हते. ते निराळ्या फौजेच्या आघाडीस होते, आणि त्यांचा निरोप तिकडे बिनचूक पोहोंचत होता. त्यांस ‘आपल्या साहित्याची बिनी’ म्हणून आपण मानानें मिरवितों, त्यांत त्यांच्या गौरवापेक्षां आपला स्वतःविषयींचा समज अधिक दिसतो.

हा संग्रह आम्ही वर्गांत शिकवीत असतांना एका शब्दाशीं अडलों. कोश पाहून झाला होता. मजुरीसाठीं मुंबईस राहून आलेल्या घरचा एक विद्यार्थी मागच्या बाकावर बसे. त्यानें उभें न राहतांच अर्थ सांगितला, आणि पुढची ओळ वाचावयास घ्या म्हणाला.