दोन सह्या

सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरूत बेळ्ळंदूरला पाणी शिरलं, तेव्हा रिंग रोडवरच्या कंपन्यांतली माणसं ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली. ते सगळ्यांनी पाहिलं. इमारतींच्या तळघरातल्या मीटरच्या खोल्या मात्र कुणाच्या नजरेस पडल्या नाहीत.

अशाच एका खोलीचं काम निपाणीकडच्या एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनं घेतलं. हाताखाली खानापूरचा वायरमन, वय तेवीस. पोरगा म्हणाला, "मामा, भिंती अजून ओल्या आहेत. मेगर लावून बघूया." 500 व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा, वायरिंगच्या इन्सुलेशनचा रोध एक मेगओहमच्या खाली जात नाही ना ते पाहायचं. पण वर चार दिवस अंधार होता, लिफ्ट बंद होती, एक आजी ऑक्सिजनवर होत्या. घाई खोटी नव्हती, म्हणूनच सही सोपी झाली. मामांनी अहवालात आकडा मनानंच लिहिला, खाली सही केली आणि पोराला स्विच वर करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पंपाजवळ वॉचमनला झटका बसला. जीव वाचला, उजवा हात कायमचा अधू झाला.

नोटिसा दोन आल्या. एक मामांच्या लायसन्सवर, दुसरी पोराच्या परमिटवर. दोन्ही दुकानाच्या पत्त्यावर, कारण पोराला दुसरा पत्ता नव्हता आणि तो तेव्हा गावी होता. पोचपावतीवर मामांनीच सही केली आणि पोराचं पाकीट खणात टाकलं. आला की देऊ, असं मनाला सांगितलं. दिलं नाही. तो सुनावणीला आला असता तर मेगरचं बोलला असता.

मामांचं लायसन्स सहा महिने निलंबित झालं. पोराचं परमिट रद्द, कारण नोटीस पोचूनही तो हजर नव्हता. "मामा, नोटीस आली कधी?" त्यानं विचारलं. मामा म्हणाले, "टपालाचं काय सांगावं!" पोरगा पाठीवर डिलिव्हरीची पिशवी घेऊन सर्जापूर रोडवर फिरू लागला.

अपिलासाठी मामा वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "तुमचं कच्चं आहे. तुमचं सगळं ऐकून घेतलंय. अपील पक्कं आहे ते त्या पोराचं. ओरिसा सरकारनं डॉ. बिनापाणी देई यांची जन्मतारीख बदलून त्यांना वेळेआधीच घरी बसवलं होतं. 1967 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आदेश प्रशासकीय असला तरी ज्याचं नुकसान व्हायचं त्याला आधी बोलू द्यायला हवं. पण पोराला नोटीस मिळालीच नाही, हे दाखवणार कोण?"

रात्री मामांनी खण उघडला. पाकीट अजून बंदच होतं.

"अहो, हे सांगितलंत तर तुमचं सहा महिन्यांवर थांबेल का?" बायकोनं विचारलं.

"नाही थांबणार."

पोराच्या अपिलाच्या सुनावणीत मामांनी ते पाकीट टेबलावर ठेवलं. "पोचपावतीवरची सही माझी. अहवालावरचीही माझी. यानं मेगर मागितला होता, मी लावू दिला नाही."

अधिकाऱ्यांनी पोराकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तो बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिला.

"भिंती ओल्या होत्या, साहेब," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मला माहीत होतं. तरी स्विच मीच वर केला."