मातीतली अमानत

गेल्या हिवाळ्यात जुम्याच्या नमाजीनंतर आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. रुमालाची गाठ सोडून त्याने एक काळवंडलेले नाणे पुढे ठेवले. "सर, पढ़के बताओ, क्या लिख्या है?" धाडसारख्या गावात उर्दू शाळेचा मास्तर म्हणजे फारसी अक्षरेही वाचणारा, असा लोकांचा समज असतो. नाणे धुऊन उजेडात धरले तेव्हा शाह आलम बादशहाचे नाव वाचता आले.

या मुलाने मोबाईलवरून धातू शोधायचे यंत्र मागवले आहे. सुट्टीच्या दिवशी तो ते घेऊन डोंगराकडच्या झाडीत फिरतो. यंत्राच्या गोल तबकडीत वीज खेळते, खाली धातू असला की ते ओरडते. बहुतेक वेळा खिळा, बैलाच्या नालेचा तुकडा, पत्र्याची डबी निघते. कधीतरी पितळी बटण, कधी नाणे. त्याचा पुढचा प्रश्न सरळ होता: "बेचूँ क्या?"

आम्ही आधी नाण्याविषयी बोललो. नाव बादशहाचे असले तरी टांकसाळ कंपनीची असू शकते. शाह आलम १८०६ मध्ये मरण पावला, पण कंपनी सरकार १८३५ पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडत राहिले. राज्य एकाचे आणि नाव दुसऱ्याचे! आपला मुलूखही तसा दोन राज्यांच्या सीमेवरचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि पलीकडचा भोकरदन-जालन्याचा भाग १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. इकडे कलदार, तिकडे हाली. मातीत दोन्ही मिसळले असतील तर नवल नाही.

शिवाय असई इथून फार दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. कंपनीचेच दीड हजारांहून जास्त लोक ठार किंवा जखमी झाले. बेगम समरूची पलटण शिंद्यांकडून होती. कंपनीच्या पलटणींतही आपलेच हिंदू-मुसलमान शिपाई होते. तिथल्या मातीत बटण सापडले तर ते कुणाच्या तरी छातीवरचे असणार, हे विसरता येत नाही.

म्हणून पहिला हक्क मातीचा, असे आम्ही त्या मुलाला सांगितले. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणव्याने गवत जळाले. मग अभ्यासकांनी हीच यंत्रे घेऊन प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस कुठे पडले होते त्याची नोंद केली. तिथल्या मूळ रहिवाशांनी लढाईची जी हकीकत सांगितली होती आणि जी कुणी फारशी मनावर घेतली नव्हती, तिला त्यातून आधार मिळाला. वस्तू जागेवर असते तोवर साक्षीदार असते. सराफाच्या काट्यावर गेली की फक्त चांदी उरते. सूरह जिल्जालमध्ये जमीन आपली खबर सांगेल असे आले आहे. ती कयामतची गोष्ट आहे हे खरे, पण आज तिची जबान कापायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

उलट उदाहरणही ताजे आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात 'छावा' चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि यंत्रे घेऊन मोहरांसाठी शेते खणत होते. शेत कुणाचे, हा प्रश्न त्या अंधारात कुणी विचारला असेल असे वाटत नाही.

मग आम्ही कायदा सांगितला. १८७८ चा निखात निधीचा कायदा असा की जमिनीत लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. खरा मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला मिळतो. लपवले तर कैद किंवा दंड. शरीअतही सांगितली. पडलेली चीज, म्हणजे लुकता, सापडली तर वर्षभर पुकारा करायचा. पुरलेल्या धनाचा, रिकाजचा, पाचवा हिस्सा द्यायचा. हनफी फकीह नाण्यावरची छाप बघतात: इस्लामी खूण असेल तर लुकता, नसेल तर रिकाज. बादशहाच्या नावाने फिरंग्याने पाडलेल्या रुपयाला काय म्हणावे, यावर आम्ही दोघेही हसलो.

हसता हसता आमची नजर आमच्याच कपाटाकडे गेली आणि तोंडचे शब्द तोंडातच राहिले.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुने घर विकत घेतले. घर विकणारे कुटुंब गाव सोडून गेले होते. मागची भिंत पाडून पाया खणताना मजुराच्या कुदळीला गाडगे लागले. त्यात व्हिक्टोरिया राणीचे सात रुपये आणि मुकुटाची छाप असलेले एक बटण होते. मजुराने सदऱ्याला पुसून ते आमच्या हातावर ठेवले. म्हणाला, "घ्या सर, घर तुमचं हाय." आम्ही त्याला चहा पाजला. ठरलेली मजुरी दिली. रुपये कपाटात ठेवले.

बुखारी शरीफमध्ये दोन माणसांची गोष्ट आहे. एकाने जमीन घेतली, तिच्यात सोन्याचा घडा निघाला. घेणारा म्हणतो, मी जमीन घेतली, सोने नाही. विकणारा म्हणतो, मी जमीन विकली ती आतल्या सगळ्यासकट. शेवटी निवाडा करणाऱ्याने एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचा निकाह लावून दिला. ही गोष्ट आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! सूरह कहफमधल्या भिंतीचीही सांगितली. ती भिंत मजुरी न घेता उभी केली गेली, कारण खाली अनाथांची अमानत होती. आम्ही भिंत पाडली आणि अमानत कुणाची, हे विचारलेदेखील नाही.

इमाम अबू हनीफा अशा धनात जमिनीच्या पहिल्या मालकाकडे बघतात, इमाम अबू यूसुफ सापडवणाऱ्याकडे. इंग्रजांचा कायदा सापडवणाऱ्याला तीन हिस्से देतो. या तिघांपैकी कुणाचेही ऐकले तरी सातही रुपये आमचे होत नाहीत. आम्ही चौथाच निवाडा केला होता आणि त्याची किंमत एक कप चहा होती.

वाईट याचे वाटते की आमच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, भूकही नव्हती. मजूर स्वतःच नाही म्हणाला, हे आम्हाला पुरले. पण गरीब माणूस आपला हक्क सोडतो तो नेहमीच खुशीने सोडतो का? त्याला हक्क आहे हेच ठाऊक नसते. ज्याला ठाऊक आहे, त्याने गप्प राहणे म्हणजे घेणेच.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. मास्तरची चूक ऐकून तो संकोचला, मग म्हणाला, "सर, मैंने जगा पे निशान करके रख्या है." आमच्यापेक्षा तो बराच होता.

मजूर कामासाठी बाहेरगावी गेल्याचे कळले आहे. त्याच्या भावाकडे निरोप ठेवला आहे. घर विकणाऱ्यांनाही फोन केला. सोमवारी आम्ही दोघे, गुरू-शिष्य, दोन अर्ज घेऊन बुलढाण्याला जाणार आहोत. कुणाला काय मिळेल, माहीत नाही. रुपये अजून कपाटातच आहेत, पण आता त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर दोन नावे लिहिली आहेत आणि त्यात आमचे नाव नाही.